राजा हाकलला, मग सम्राट आला कुठून? रोमबद्दल एक प्रश्न

शिकवणीवाली, जुळे सोलापूर
शुक्रवार, रात्री १०:२०

नमस्कार. मी अकरावी-बारावीच्या मुलांच्या इतिहासाच्या शिकवण्या घेते. केंद्रीय बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात रोमन साम्राज्याचा धडा आहे. धडा चांगला आहे, पण तो साम्राज्यापासूनच सुरू होतो. त्याच्या आधीची पाच-सातशे वर्षं मुलांना ठाऊक असल्याशिवाय पहिला सम्राट ऑगस्टस कोण हे कळत नाही, म्हणून मी दरवर्षी एक तास त्यावर घालवते. फळ्यावर तीन चौकोन काढते. इ.स.पू. ७५३ ते ५०९ राजे, ५०९ ते २७ प्रजासत्ताक, २७ पासून सम्राट. इतकी वर्षं हे चौकोन काढतेय, कुणी काही विचारलं नव्हतं.

परवा एका मुलीने हात वर केला. तिच्या वडिलांचे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, मुलगी अबोल आहे. म्हणाली, "मॅडम, राजा हा शब्दसुद्धा ज्यांना सहन होत नव्हता, त्यांच्याकडे सम्राट आला. मग मधे ते नक्की कुठल्या दिवशी हरले? तारीख सांगा ना."

मी म्हटलं, सीझर आजीवन डिक्टेटर झाला तेव्हा, इ.स.पू. ४४. ती लगेच म्हणाली, "पण डिक्टेटर हे तर त्यांचं जुनंच पद होतं असं तुम्हीच मगाशी सांगितलंत. कायद्यातलं पद कायद्याने घेतलं, तर त्यात त्याने नवीन काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. "सोमवारी सांगते" म्हणाले आणि पुढचा धडा काढला. तेव्हापासून मन खातंय. मला सनावळ्या नकोत, त्या माझ्याकडे आहेत. तिला समजेल असं कुणी सांगू शकेल का? सोमवारी संध्याकाळी सहाला वर्ग आहे.

---

निवृत्त सचिव
शनिवार, पहाटे ५:५०

ताई, नमस्कार. मी काही इतिहासाचा माणूस नाही. एका विणकर सहकारी संस्थेत एकतीस वर्षं सचिव होतो. रोमचं वाचन निवृत्तीनंतरचं, हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून केलेलं. पण त्या मुलीने जे विचारलंय ते मी माझ्या संस्थेत डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लांबण लागली तरी सगळं लिहितो.

आधी राजाचं. शेवटचा राजा टार्क्विनियस, लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. त्याच्या मुलाने ल्युक्रेशिया नावाच्या कुलीन घरातल्या बाईवर अत्याचार केला, तिने जीव दिला, आणि ब्रूटसने लोक उठवून राजघराणं शहराबाहेर काढलं, अशी त्यांची परंपरेने आलेली कथा आहे. पुढे काय केलं ते मुलांना सावकाश सांगा. त्यांनी राजाची सत्ता कमी केली नाही. फौज काढायचा, हुकूम सोडायचा, शिक्षा करायचा अधिकार होता तसा ठेवला. फक्त तो एकाऐवजी दोघांच्या हातात दिला आणि त्याला एक वर्षाची मुदत घातली. हे दोन कॉन्सुल. एक हो म्हणाला आणि दुसरा नाही म्हणाला, तर काम थांबायचं. त्यांच्याच एका इतिहासकाराने लिहून ठेवलंय की स्वातंत्र्याचा उगम सत्ता घटवण्यात नाही, या वर्षाच्या मुदतीत आहे.

आमच्या संस्थेत चेकवर दोन सह्या लागायच्या, अध्यक्षांची आणि माझी. अध्यक्ष गावाला गेले की शनिवारची मजुरी सोमवारवर जायची आणि विणकर माझ्या टेबलाभोवती गोळा व्हायचे. त्यांची चूल त्यावर, त्यांचं चिडणं खरं होतं. तरी दुसरी सही काढून टाकावी असं मला एकदाही वाटलं नाही. दोन माणसांच्या कारभाराची अडचण रोज दिसते, तिचा उपयोग दहा वर्षांतून एकदा.

आता डिक्टेटर. ती मुलगी म्हणते ते अगदी खरं, हे त्यांच्या व्यवस्थेतलंच पद. शत्रू दारात आला आणि दोन कॉन्सुलांत एकमत होईना, अशा वेळी सिनेटने, म्हणजे त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या सभेने, सुचवायचं आणि कॉन्सुलने एका माणसाला नेमायचं. त्याला दुसरा जोडीदार नाही. मुदत सहा महिने, आणि नेमणूक एका ठरलेल्या कामासाठी. काम झालं की सहा महिने भरायची वाट न बघता उतरायचं. सिनसिनाटसची गोष्ट तुम्ही सांगतच असाल. इ.स.पू. ४५८, शेतावरून बोलावून आणला, एक्वी लोकांच्या वेढ्यातून फौज सोडवली आणि सोळाव्या दिवशी पद सोडून परत शेतावर.

पण मला त्याहून खिळ्याची गोष्ट जास्त आवडते. इ.स.पू. ३६३ मध्ये रोममध्ये साथ चालू होती. कुणीतरी जुनी आठवण काढली की पूर्वी एकदा डिक्टेटरने ज्युपिटरच्या देवळात खिळा ठोकला तेव्हा साथ हटली होती. म्हणून मॅनलियस नावाच्या माणसाला नेमलं. काम एकच, देवळात खिळा ठोकणे. त्याने खिळा ठोकला आणि मग म्हणाला, आता हातात अधिकार आहेच तर फौज उभी करतो. सगळे ट्रिब्यून त्याच्यावर उठले. ट्रिब्यून म्हणजे सामान्य लोकांचे प्रतिनिधी, ज्यांच्या अंगाला हात लावणं पाप मानलं जायचं. मॅनलियसला पद सोडावं लागलं आणि वर त्याच्यावर खटला भरायची तयारी झाली. तुला खिळ्यासाठी नेमलंय, खिळा ठोक आणि घरी जा, असं सत्ताधीशाला तोंडावर सांगणारं हे गाव होतं. आणखी एक बारीक गोष्ट. डिक्टेटरला घोड्यावर बसायला वेगळी परवानगी घ्यावी लागायची. सगळा अधिकार दिला, पण घोडा नाही दिला.

आता सीझरचा जिना बघा. मी हे आकडे वहीत एकाखाली एक लिहून ठेवलेत. इ.स.पू. ४९ मध्ये पहिल्यांदा डिक्टेटर झाला तो निवडणुका घेण्यापुरता, अकरा दिवसांनी पद सोडलं. पुढच्या वर्षी फार्सेलसच्या लढाईत आपला प्रतिस्पर्धी पाँपी याचा पराभव केला आणि परत झाला, या वेळी वर्षभरासाठी. ४६ मध्ये दहा वर्षांसाठी. ४४ च्या फेब्रुवारीत आजीवन. अकरा दिवस, एक वर्ष, दहा वर्षं, आजीवन. प्रत्येक वेळी शब्द तोच, डिक्टेटर. तुमच्या मुलीचा प्रश्न 'नवीन काय केलं' हा आहे ना? पद जुनं होतं, त्याने त्याची मुदत काढून टाकली. सहा महिन्यांचं कुंपण गेलं की तेच पद राजाचं होतं, मग त्याला नाव काहीही असो.

हे मला इतकं का दिसतं ते आता सांगतो. आमच्या संस्थेत एकदा संचालक मंडळ बरखास्त झालं. सुताच्या खरेदीत घोळ झाला होता, लेखापरीक्षणात सापडला. प्रशासक आला. आदेशावर स्पष्ट लिहिलेलं, सहा महिने. माणूस अतिशय चांगला होता, हे मी आजही सांगेन. डबा घरून आणायचा, सायकलने यायचा, संस्थेचा चहासुद्धा घ्यायचा नाही. चार महिन्यांत सुताची बाकी फेडली, मजुरी दर शनिवारी दुपारी चारला. दोन सह्या गेल्या होत्या, एकच सही, काम पटापट. सहा महिने संपत आले तसे सभासदच माझ्याकडे आले. म्हणाले, साहेब जायला नकोत, निवडणूक लागली की परत तीच मंडळी येतील. मुदतवाढीचं निवेदन मी लिहिलं. माझ्या अक्षरात. खाली एकशे बारा अंगठे आणि सह्या. मुदत वाढली. मग परत वाढली. तिसऱ्या वेळी निवेदनाची गरजच पडली नाही, कागद वरून आपोआप आला. पुढे ते साहेब बदलून गेले आणि दुसरे आले. दुसरे पहिल्यासारखे नव्हते. तोवर आम्हाला एका सहीची सवय लागली होती. चार वर्षांनी निवडणूक लागली, तर तेरा जागांना नऊच अर्ज आले. माणसं विसरली होती की संस्था आपली आहे.

ते निवेदन लिहिल्याचं मला आजही वाईट वाटतं. पहिला माणूस चांगला होता म्हणून कुंपण आम्ही काढलं, आणि त्यातून आत दुसराच आला.

म्हणून त्या मुलीला तारीख द्यायचीच असेल तर मी ४४ देणार नाही. मी इ.स.पू. २२ सांगेन. सीझर मरून बावीस वर्षं झाली होती. त्याच्या खुनानंतर त्याचाच साथीदार अँटनी याने कायदाच केला होता की डिक्टेटर हे पदच यापुढे नाही. ऑगस्टस सर्वांत बलवान होता, पण दाखवायला फक्त पहिला नागरिक. त्या वर्षी नदीला पूर आला, साथ आली, धान्य संपलं. लोकांनी सिनेटच्या लोकांना सभागृहात कोंडलं, जाळून टाकू म्हणाले, आणि डिक्टेटरपुढे शिपाई घेऊन चालतात त्या काठ्यांच्या चोवीस मोळ्या उचलून ऑगस्टसकडे गेले, की तूच डिक्टेटर हो. तो गुडघ्यावर बसला, अंगावरचं वस्त्र खांद्यावरून सोडलं, आणि हे पद देऊ नका म्हणून विनवू लागला. पद घेतलं नाही. धान्यपुरवठ्याचं काम मात्र घेतलं.

आपल्या हाताने मोळ्या घेऊन गेलेली माणसं त्या दिवशी हरली असं मला वाटतं. माझ्या निवेदनावरचे एकशे बारा अंगठे मला तिथे दिसतात.

---

वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला
शनिवार, दुपारी १:१५

काका, तुमचं वाचून काही वेळ गप्प बसलो. पण एका ठिकाणी पटत नाही आणि ते स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

मुदत का वाढली, हे तुम्ही सांगितलंच नाही. लोकांना सहीची घाई का झाली? कारण मजुरी अडत होती. रोममध्येही तेच. मी तारीख सांगेन इ.स.पू. १३३.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज शहराशी तीन युद्धं झाली, शेवटचं १४६ ला संपलं, कार्थेज जाळून टाकलं. या सगळ्या लढाया लढला कोण? छोटा शेतकरी. त्यांच्याकडे नियम होता की ज्याच्याकडे मालमत्ता आहे तोच सैन्यात. तो वर्षानुवर्षं स्पेनमध्ये नाहीतर आफ्रिकेत, इकडे शेत पडीक, मग कर्ज, मग शेत श्रीमंताच्या जमिनीत गेलं आणि त्यावर युद्धात पकडून आणलेले गुलाम राबायला लागले. जग जिंकणाऱ्या माणसाला स्वतःची ढेकळंभर जमीन उरली नाही. टायबेरियस ग्रॅकस ट्रिब्यून झाला आणि एवढंच म्हणाला की सरकारी जमीन पाचशे युगेरांच्या (त्यांचं जमीन मोजायचं माप) वर कुणी बळकावली असेल तर जास्तीची काढून भूमिहीनांना वाटा. ही मर्यादा जुन्या कायद्यातलीच होती. त्याला सिनेटच्या लोकांनी बाकांचे पाय मोडून, त्या दांडक्यांनी मारलं. त्याच्याबरोबर तीनशे माणसं मेली, प्रेतं रात्री टायबर नदीत टाकली. ज्याच्या अंगाला हात लावणं पाप, त्या ट्रिब्यूनला. बारा वर्षांनी त्याचा भाऊ गायस, तोही गेला.

यानंतर कायद्याने जमीन मिळणार नाही हे गरिबाला कळलं. इ.स.पू. १०७ मध्ये मारियस नावाच्या सेनापतीने मालमत्तेची अट सोडून भूमिहीनांना सैन्यात घेतलं. त्यांना निवृत्तीनंतर जमीन कोण देणार? सिनेट देत नव्हतं, सेनापती मिळवून द्यायचा. मग सैनिक कुणाचा झाला? सेनापतीचा. ८८ मध्ये सुल्ला नावाचा सेनापती आपली फौज घेऊन सरळ रोमवर चालून गेला. सैनिक गेले, अधिकारी मात्र एक सोडून सगळे त्याला सोडून परतले. सैनिकांना मुदतबिदत कुणी विचारत नव्हतं काका, त्यांना जमिनीचा तुकडा हवा होता.

मी वकिलीचा विद्यार्थी आहे, मुदती आणि कलमं हाच माझा अभ्यास. पण मुदत पाळायला लावणारा माणूस उपाशी असेल तर कलम काही करू शकत नाही.

---

बार्शीवाला
शनिवार, सायंकाळी ७:३०

ताई, तारखेच्या वादात मी पडत नाही. मुलांना हातात धरता येईल असं काहीतरी सुचवतो.

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. नाणी स्वतःजवळ नाहीत, फोटो आणि संग्रहालयं एवढंच. रोमचं प्रजासत्ताक नाण्यांवर फार स्वच्छ दिसतं. दीडशेहून जास्त वर्षं चांदीच्या दिनारावर देवीचं डोकं, देव, रथ, फार तर मेलेले पूर्वज. जिवंत माणसाचा चेहरा नाही. जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालणं हे ग्रीक राजांचं काम, रोमनांचं नाही. आणि इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला रोमच्या टांकसाळीतून सीझरचा चेहरा बाहेर पडतो. सुरकुतलेली मान, डोक्यावर पानांचा मुकुट आणि कडेने अक्षरं, आजीवन डिक्टेटर. बाजारात भाजी घेताना बाईच्या तळहातावर त्या दिवशी पहिल्यांदा राज्यकर्त्याचा चेहरा आला. महिन्या-दोन महिन्यांत, १५ मार्चला, त्याला तेवीस घाव घालून मारलं.

मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं नाणं. मारणाऱ्यांतल्या ब्रूटसने (राजाला हाकलणारा ब्रूटस वेगळा) फौजेच्या पगारासाठी नाणं पाडलं. एका बाजूला दोन खंजीर आणि मधे गुलामगिरीतून सुटलेल्यांची टोपी, म्हणजे आम्ही तुम्हाला मुक्त केलं. दुसऱ्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचा चेहरा. जिवंत माणसाचा. दोन वर्षांत त्यालाही ते चालायला लागलं होतं.

आणि आपल्या घराजवळचं. बार्शीहून तेर लांब नाही. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्यात पैठण आणि तगर दोन्ही आहेत. तगरहून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. तुमच्या विद्यार्थिनीचे वडील टॉवेल विणतात म्हणालात, या भागातला माणूस दोन हजार वर्षांपूर्वी रोमन बाजारासाठी विणतच होता. तेरला रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकं सापडली आहेत, वर दोरा ओवायला भोक. पदक म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. कुणीतरी सम्राटाचा चेहरा मातीत उतरवला, भाजला आणि गळ्यात घातला. तो कोण, राजा की पहिला नागरिक, याचा त्या माणसाला पत्ता असायचं कारण नाही. छान दिसतं म्हणून घातलं असेल.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात मुलांना एकदा न्या. सोलापूरहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत.

---

निवृत्त सचिव
रविवार, पहाटे ५:३५

बाळ, राग कशाला मानू? तू बरोबर बोललास आणि माझं उत्तर अर्धं होतं हे मला कबूल आहे.

आमच्या संस्थेत तरी मुदतवाढ का मागितली? मजुरी अडत होती म्हणूनच. जे विणकर तग धरू शकत नव्हते ते केव्हाच संस्था सोडून मालकाच्या कारखान्यात गेले होते. यादीत नाव, अंगावर मालकाची उचल. वार्षिक सभेला कोरम व्हायचा नाही. मग अर्धा तास सभा तहकूब करायची आणि त्याच जागी परत सुरू करायची, तेव्हा कोरम लागत नाही. मी घड्याळाकडे बघत बसायचो. सतरंजी अंथरलेली, समोर पंधरा-वीस माणसं, बाहेर मागांचा आवाज. अर्धा तास झाला की इतिवृत्तात लिहायचं, 'सभा पुन्हा सुरू झाली'. हेही रोममध्ये घडलं. सगळ्या इटलीच्या लोकांनी लढून नागरिकत्व मिळवलं, इ.स.पू. ९१ ते ८८ चं युद्ध त्यासाठीच झालं. पण मत द्यायला रोमलाच यायला हवं, दुसरीकडे पेटी नाही. लांबच्या शेतकऱ्याने पेरणी सोडून कसं यावं? हक्क कागदावर, सभा ओस.

तरी एका मुद्द्यावर मी माझं सोडत नाही. भूक रोमला नवीन नव्हती. इ.स.पू. ४९४ मध्येही कर्जबाजारी लोक होते. तेव्हा त्यांनी काय केलं? शहर सोडलं आणि डोंगरावर जाऊन बसले. हा एक प्रकारचा संपच, आपल्या सोलापूरच्या गिरणीकामगाराला लगेच कळेल असा. त्यातून ट्रिब्यून मिळाले. कायदे लिहून काढा म्हणून भांडले, तर बारा पाट्यांवर कायदे लागले. ३६७ पासून दोनपैकी एक कॉन्सुल सामान्य लोकांतून होऊ लागला. दोनशे वर्षं भुकेल्या माणसाने व्यवस्था वाकवली, मोडली नाही. कारण तोपर्यंत तलवार शहराबाहेर होती.

तू सुल्लाचं नाव काढलंस म्हणून हे लिहितो. कॉन्सुलपुढे बारा शिपाई काठ्यांच्या मोळ्या घेऊन चालायचे, त्या मोळीत कुऱ्हाड बांधलेली असायची. शहराच्या हद्दीत शिरताना ती कुऱ्हाड काढून ठेवायची. हद्दीच्या आत नागरिकाला लोकांपुढे दाद मागायचा हक्क, बाहेर सेनापतीचा हुकूम. डिक्टेटरची कुऱ्हाड तेवढी शहरातही मोळीतच. म्हणून त्याला सहा महिने.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. १९३० चा मे महिना ते सांगायचे. गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले, तीन दिवस सोलापूर लोकांनीच चालवलं. मग १२ मेला मार्शल लॉ आला. लष्कर रस्त्यावर. गांधी टोपी घालायची चोरी. आजोबांनी टोपी घडी करून पिठाच्या डब्यात ठेवली होती, आजीने ती तशीच जपली, आज माझ्याकडे आहे. पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आपण रोज त्यांच्या पुतळ्यावरून जातो. आजोबा म्हणायचे, "गोरा साहेब आधीपण होताच की रे, पण त्या दिवशी कायदा दाराबाहेर उभा राहिला आणि बंदूक घरात आली." कुऱ्हाड आत आली म्हणजे काय, हे मला रोमच्या पुस्तकांच्या आधी त्यांच्या त्या वाक्यातून कळलं होतं.

सुल्लाने ते केलं. आधी फौज आत आणली, आणि ८२ मध्ये एकशेवीस वर्षं न वापरलेलं डिक्टेटरपद उकरून काढलं, मुदतीशिवाय. म्हणजे मुदत काढणारा सीझर पहिला नव्हता, हे काल माझ्याकडून सांगायचं राहिलं. मारायच्या माणसांच्या याद्या चौकात पांढऱ्या पाट्यांवर लावल्या. ज्याचं नाव लागलं त्याला कुणीही मारावं, इनाम मिळेल, त्याची मालमत्ता लिलावात. नंतर त्याने पद आपणहून सोडलं, हे खरं. सोडलं तरी वाट सगळ्यांना दिसून गेली होती. सीझर त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचा होता आणि जीव वाचवायला लपत फिरत होता.

तेव्हा बाळ, तुझं १३३ आणि माझं २२, मधे हे ८८. तिन्ही सांगायला हवीत असं मला आता वाटतंय. ताई, तुम्हीच ठरवा.

---

शिकवणीवाली, जुळे सोलापूर
सोमवार, रात्री ९:१०

काका, दादा, बार्शीवाले, तिघांचे मनापासून आभार. आजचा वर्ग झाला.

तीन चौकोन काढलेच नाहीत. काकांचा जिना काढला, अकरा दिवस, एक वर्ष, दहा वर्षं, आजीवन. मग खिळ्याची गोष्ट सांगितली. मग १३३, ८८ आणि २२ फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाला एक तारीख निवडून कारण लिहायला सांगितलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १३३ लिहिलं. बाकांच्या पायांची गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

त्या मुलीने कुठलीच निवडली नाही. तिने २२ च्या पुढे लिहिलं, "तो नाही म्हणाला तेव्हा लोक घरी गेले का? गेले असतील तर त्यांना वाटलं असेल आपण जिंकलो." आणि खाली एक नवीन प्रश्न लिहिला आहे, तो जसाच्या तसा देते. "ऑगस्टसनंतरही कॉन्सुल निवडले जात होते असं पुस्तकात आहे. मग ते रोज ऑफिसात जाऊन काय करायचे?"

मला एवढंच माहीत आहे की ते पद पुढे पाचशेहून जास्त वर्षं चाललं, इसवी सन ५४१ पर्यंत कॉन्सुलांची नावं वर्षाला देत होते. काका, तुमच्या संस्थेत प्रशासक असताना जुने संचालक काय करायचे, ते सांगाल का? तिला त्यावरून लवकर समजेल असं वाटतं.

तेरचं पालकांना विचारलंय. बावीस मुलं तयार आहेत. बार्शीवाले, संग्रहालयाची सुट्टी कुठल्या वारी असते?